दादी-नानीचे छोटे फोटो : स्कॅन कसे करायचे, मोठे किती करायचे, पाठवायचे कुणाला?

अंबड-जालना भागातल्या आपल्या घरांत जुने फोटो शोधायला बसा. दादांचे दोन-चार सापडतात. नोकरीत असतील तर ऑफिसचा ग्रुप फोटोही निघतो. दादीचा मात्र बहुतेक घरांत एकच फोटो असतो, आणि तोही पासपोर्ट साइज. तो हौसेने काढलेला नसतो. हजचा फॉर्म भरायचा होता, रेशन कार्डाचं काम होतं किंवा निराधारचा पगार सुरू करायचा होता, म्हणून कुणीतरी त्यांना स्टुडिओत नेऊन बसवलं. बुजुर्गांना तसवीर काढणंच फारसं पसंत नव्हतं, त्यामुळे दुसरा फोटो काढायचा प्रश्नच आला नाही.

मग एक दिवस इंतिकालची खबर ग्रुपवर टाकायची असते, किंवा खानदानाचा शजरा तयार करायचा असतो, आणि तो फोटो शोधला जातो. घाईत मोबाईलने क्लिक होतो. एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर जाता जाता तो आणखी धूसर होतो. शेवटी एखादा भाचा तो ॲपमध्ये टाकून ‘एचडी’ करून परत पाठवतो. चेहरा चकाचक, डोळे चमकदार, सुरकुत्या गायब. सगळे माशाअल्लाह म्हणतात. पण ज्यांनी दादीला पाहिलं आहे त्यांना विचारा. ही ती नाही, असं ते हळूच सांगतात.

आणखी वीस वर्षांनी दादीला पाहिलेलं कुणी उरणार नाही, आणि घरात तोच ॲपवाला चेहरा दादीचा म्हणून राहील. म्हणून छोट्या फोटोतून जेवढं खरं निघतं तेवढं कसं काढायचं आणि कुठे थांबायचं, ते नीट समजून घेऊ.

फोटो कोणत्या प्रकारचा आहे?

स्कॅनरकडे जाण्याआधी फोटो हातात घेऊन नीट बघा. पासपोर्ट फोटो साधारण ३५ बाय ४५ मिलिमीटरचा असतो, स्टॅम्प साइज त्याहूनही लहान. आपल्याकडे दुसरा सापडणारा प्रकार म्हणजे अंगठ्याएवढ्या रुंदीचे, पांढऱ्या किनारीचे, कधी कातरलेल्या कडांचे चौकोनी फोटो. हे बहुधा कॉन्टॅक्ट प्रिंट असतात, म्हणजे निगेटिव्ह कागदावर ठेवून त्याच मापाचा छापलेला फोटो. १२० नंबरच्या रोलवर साध्या बॉक्स कॅमेऱ्याने बारा फोटो निघायचे, प्रत्येक सहा सेंटिमीटरला थोडा कमी. आग्फा क्लिक थ्री हा त्यातला घराघरांत माहीत असलेला कॅमेरा. तो बडोद्यातही बनत असे. कॉन्टॅक्ट प्रिंट दिसायला छोटा असला तरी त्यात बारकावे बरेच असतात. म्हणून तो मोठा केल्यावर पासपोर्ट फोटोपेक्षा अनेकदा चांगला निघतो.

तिसरा प्रकार म्हणजे छापलेला फोटो. मतदार ओळखपत्र, आधार, लग्नपत्रिका, वर्तमानपत्राचं कात्रण. हा खरं तर फोटो नाही, शाईच्या ठिपक्यांची जाळी आहे. भिंगातून बघा, ठिपके दिसतील. हा कितीही डीपीआयला स्कॅन केला तरी ठिपकेच मोठे होतात. फोटोचं मतदार ओळखपत्र देण्याचा निर्णय १९९३ चा, शेषन साहेबांच्या काळातला. त्यासाठी काढलेल्या फोटोपलीकडे काहीच नाही अशा कितीतरी नानी असतील. पण कार्डावर समाधान मानण्याआधी त्या काळात आणखी कुठे फोटो दिला होता का, ते शोधा. बँकेचं पासबुक, हजचे कागद, शाळेत पालक म्हणून लावलेला फोटो. स्टुडिओवाला पासपोर्ट फोटो आठच्या किंवा बाराच्या सेटमध्ये द्यायचा. चार वापरले तर उरलेले कुठेतरी पाकिटात पडलेले असतात. कुणाच्या तरी जुन्या पर्समध्ये, कुराण शरीफच्या जुजदानात, ट्रंकेच्या तळाशी. खालाकडे, फुफूकडेही विचारा. ज्यावर शिक्का नाही, स्टेपलचं भोक नाही असा एक जरी मिळाला तरी अर्धं काम झालं.

कागदपत्राला चिकटवलेला फोटो उखडू नका. पान आख्खं स्कॅनरवर ठेवून तेवढाच भाग स्कॅन करता येतो. फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर काचेसकट स्कॅन करा. ओढून काढाल तर चेहरा काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. ओल्या फडक्याने पुसणं, थुंकी लावणं, अत्तर-स्पिरिट लावणं हे सगळं बंद. मऊ कोरडा ब्रश पुरे.

डीपीआयचं गणित

हे पाचवीच्या गुणाकाराएवढं सोपं आहे. फोटोची इंचातली लांबी गुणिले डीपीआय म्हणजे पिक्सेल. ३५ बाय ४५ मिलिमीटर म्हणजे साधारण १.३८ बाय १.७७ इंच. २०० डीपीआयवर स्कॅन केला तर फक्त २७६ बाय ३५४ पिक्सेल मिळतात. आजच्या मोबाईलच्या पडद्यावर हा फोटो तिकिटाएवढा दिसेल, नाहीतर ताणला जाऊन धूसर होईल. ३०० वर ४१३ बाय ५३१. ६०० वर ८२७ बाय १०६३, म्हणजे व्हॉट्सॲपपुरतं चालतं. १२०० वर १६५४ बाय २१२६, आणि इथून खरं काम सुरू होतं.

छपाईचं गणित याच्या उलट. हातात धरून बघायच्या फोटोला एका इंचात ३०० पिक्सेल असावेत. १६५४ ला ३०० ने भागलं की साडेपाच इंच येतात. म्हणजे १२०० डीपीआयचा स्कॅन पासपोर्ट फोटोला साधारण साडेपाच बाय सात इंचापर्यंत नेतो, मूळच्या चौपट. भिंतीवर लावायचा, दोन-तीन हातांवरून बघायचा असेल तर इंचाला १८०-२०० पिक्सेलही चालतात. त्या हिशेबाने ए-फोर साइजची फ्रेम होते. त्याच्यापुढे नेऊ नये, असं माझं मत.

मग २४०० किंवा ४८०० वर का नको? कारण फोटोत जे नाही ते स्कॅनर आणणार कुठून? कागदी प्रिंटमधला बारकावा बहुतेक वेळा ६०० ते १२०० मध्ये संपतो. त्यापुढे कागदाचा पोत आणि धूळ मोठी होते, फाईल चौपट जड होते, चेहरा तसाच राहतो. शिवाय स्कॅनरच्या डब्यावर जो मोठा आकडा छापलेला असतो तो अनेकदा खरा नसतो. मशीन मधले पिक्सेल अंदाजाने भरून तो आकडा गाठते. माहितीपत्रकात ‘ऑप्टिकल रिझोल्यूशन’ काय लिहिलं आहे ते बघायचं, तेवढंच खरं. निगेटिव्ह सापडली असेल तर गोष्ट वेगळी. तिला २४०० किंवा ३२०० द्या, मात्र त्यासाठी आरपार उजेड टाकणारा फिल्मवाला स्कॅनर लागतो. साध्या मशीनवर निगेटिव्ह ठेवून काही निघत नाही. पोस्टकार्ड साइज, म्हणजे साडेतीन बाय पाच इंचाच्या फोटोला ६०० पुरे. त्यातच २१०० बाय ३००० पिक्सेल मिळतात.

दुकानात काय सांगायचं

झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात ‘हा फोटो स्कॅन करून द्या’ म्हटलं की तो कागदपत्रासारखा २०० वर स्कॅन होतो, पीडीएफ बनतो आणि व्हॉट्सॲपवर येतो. दुकानदाराचा दोष नाही, दिवसभर तो जातीचे दाखले आणि उताराच स्कॅन करतो. तुम्ही एवढंच सांगा : १२०० डीपीआय, कलर, पीडीएफ नको, टिफ किंवा सगळ्यात चांगल्या क्वालिटीची जेपीजी, आणि ऑटो सुधारणा सगळ्या बंद. फाईल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न घेता पेन ड्राइव्हवर घ्या. पेन ड्राइव्ह नसेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. काच पुसून घ्या. दिवसभराचे बोटांचे ठसे १२०० वर फोटोच्या गालावर डागासारखे उमटतात.

काळा-पांढरा फोटोही कलरमध्येच स्कॅन करायचा. ‘त्यात कलर कुठे आहे?’ असं दुकानदार विचारेल. उत्तर पुढे डागांच्या भागात आहे.

ऑल-इन-वन प्रिंटरच्या पातळ स्कॅनरची एक अडचण आहे. काचेला अगदी चिकटलेलं तेवढंच त्याला स्पष्ट दिसतं. फोटो वळलेला असेल, कडा उचललेल्या असतील, तर तेवढा भाग धूसर येतो. झाकण दाबून फोटो मोडायचा नाही. दोन-चार दिवस कोऱ्या कागदांत घालून जाड पुस्तकाखाली ठेवा, आपोआप सपाट होतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातले काही फोटो खडबडीत, जाळीदार कागदावर आहेत. तो पोत स्कॅनमध्ये चमकतो. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून, असे दोन स्कॅन घ्या. कॉम्प्युटरवर दोन्ही एकावर एक बसवून वरच्याची पारदर्शकता निम्मी केली की जाळी बरीच कमी होते.

स्कॅनर नसेल तर मोबाईल

मोबाईल वाईट नाही. नीट वापरला तर दुकानातल्या २०० डीपीआयपेक्षा किती तरी बरा. बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात फोटोची लांबी फ्रेमच्या निम्मी जरी भरली तरी सुमारे २००० पिक्सेल मिळतात. पासपोर्ट फोटोसाठी ते ११०० डीपीआयच्या आसपास जातं. मात्र मोबाईल अगदी जवळ नेऊ नका. जवळ नेला की फोकस सुटतो किंवा फोन आपोआप रुंद लेन्सवर जातो आणि चेहरा फुगतो. थोडं लांब राहून दोनपट झूम करा.

खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी, काळ्या कागदावर फोटो ठेवा. फ्लॅश बंद. फोन फोटोच्या बरोबर वर, समांतर. दोन सारख्या उंचीच्या डब्यांवर काच ठेवून त्यावर फोन ठेवला तर हातही हलत नाही. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या कडेला निळसर चंदेरी चमक येते. ती कागदातली चांदी वर आलेली असते. अशा फोटोवर स्कॅनरपेक्षा मोबाईल कधी कधी बरा ठरतो, कारण उजेडाची दिशा आपल्याला बदलता येते. लॅमिनेशन केलेल्या फोटोलाही हेच लागू. गूगलचं फोटोस्कॅन हे २०१६ पासूनचं मोफत ॲप चार-पाच कोनांतून टिपून चमक काढून टाकतं. त्यात बारकावा थोडा कमी होतो, पण चमक जात नसेल तर उपयोगी आहे.

एक गोष्ट विसरू नका : ब्यूटी मोड. बऱ्याच फोनमध्ये तो आधीपासून चालू असतो. फोटोतला चेहरा दिसला की फोन त्यालाही गुळगुळीत करतो. दादीच्या सुरकुत्या इथेच पहिल्यांदा जातात, ॲपची पाळी नंतर येते.

मागची बाजू : इथे खरा खजिना आहे

फोटोचा मागचा भागही तेवढ्याच काळजीने स्कॅन करा. आपल्या भागात मागे लिहिलेलं बहुधा उर्दूत असतं, आणि आज घरातली मुलं मराठी किंवा इंग्रजी शाळेतली. अंबड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. शाळा-कचेऱ्यांची भाषा उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठ तर १९१८ पासून उर्दू माध्यमातूनच सुरू झालं. त्यामुळे त्या पिढीतल्या हिंदू घरांतल्या फोटोंमागेही उर्दू अक्षर सापडतं. घरात उर्दू वाचणारं कुणी असेल तर आजच बसवून वाचून घ्या आणि देवनागरीत लिहून ठेवा.

तारीख वाचताना मोठी गफलत होते. संस्थानात हिजरी, फसली आणि इसवी ही तिन्ही सनं चालायची. सरकारी कामात फसली. वर्षाच्या आकड्यापुढे ‘फे’ अक्षर असेल तर फसली, दोचश्मी ‘हे’ असेल तर हिजरी, हम्जासारखी छोटी खूण असेल तर इसवी. हैदराबादी फसलीचं वर्ष ऑक्टोबरात आजर महिन्याने सुरू व्हायचं. पुढे दै, बहमन, इस्फंदार, फरवरदी, उर्दीबहिश्त, खुरदाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. आजर, दै, बहमन या तीन महिन्यांसाठी फसलीत ५९० मिळवा, बाकी नऊ महिन्यांसाठी ५९१. (बहमनचे शेवटचे काही दिवस जानेवारीत जातात, तेवढी सूट ठेवा.)

उदाहरण घ्या. मागे ‘खुरदाद १३५५’ लिहिलं आहे. महिना फसलीचा, म्हणून सन १९४६, एप्रिलच्या आसपास. नुसतं १३५५ बघून कुणी हिजरी धरलं तर ते १९३६-३७ येतं. दहा वर्षांचा फरक! फोटोतलं मूल तुमचे वालिद आहेत की मोठे अब्बा, हे याच दहा वर्षांवर ठरतं. महिना मोहरम, सफर, रजब असा असेल तर अर्थातच हिजरी.

आकडेही दगा देतात. उर्दूतला सात वर उघडा असतो आणि आठ म्हणजे तोच उलटा, खाली उघडा. फोटो उलटा धरला की ८ चा ७ होतो. उर्दूतला पाच मराठी वाचणाऱ्याला शून्य वाटतो, आणि उर्दूतलं शून्य नुसता ठिपका असतो, जो मुलं शाईचा डाग समजून सोडून देतात.

तारीख नसेल तर स्टुडिओचा शिक्का बघा. गावाच्या नावापुढे ‘दक्कन’ असेल तर फोटो बहुधा संस्थानाच्या काळातला. किंमत आण्यांत असेल तर साधारण १९५७ च्या आधीचा, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधला. शिक्क्यात पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड तेव्हा सुरू झाला. ‘अंबड, जि. औरंगाबाद’ असेल तर मे १९८१ च्या आधीचा असण्याची शक्यता जास्त; जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. अर्थात जुना शिक्का पुढे चार वर्षं वापरणारेही असतात. मागे ‘इंदू’ हे नाव असेल तर कागद उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, आणि त्या कारखान्याचं उत्पादन १९६७ ला सुरू झालं. मागे जहाज आणि समोर एहराम किंवा हार घातलेले दादा असतील, तर मुंबईहून समुद्रमार्गे हजची वाट १९९५ ला बंद झाली, हे लक्षात ठेवा.

फाईलचं नावच माहितीने भरा : ‘१९४६-अंबड-दादी-मोठे अब्बा-०१-पुढून’ आणि ‘०१-मागून’. मुंबईच्या अनुषा यादव यांनी २०१० मध्ये ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ नावाचा ऑनलाइन संग्रह सुरू केला. त्यात लोकांच्या घरातले जुने फोटो आहेत, आणि फोटोसोबत घरच्यांनीच सांगितलेली हकीकत. त्या हकिकतीमुळेच अनोळखी लोक ते फोटो थांबून बघतात. आपल्या घरचा फोटो नावाशिवाय ठेवला तर तिसऱ्या पिढीत तोही अनोळखी माणसाचाच होतो.

डाग आणि शिक्के

कलरमध्ये स्कॅन करायला सांगितलं, त्याचं कारण हे. रंगीत फाईलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन थर असतात. जिम्पसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते वेगळे बघता येतात. पिवळा डाग, चहाचा किंवा जुनेपणाचा, निळ्या थरात गडद दिसतो आणि लाल थरात जवळजवळ नाहीसा होतो. मग लाल थरच ठेवून काळा-पांढरा फोटो करा, डाग एकाही ब्रशशिवाय गेला. निळ्या शाईची सही किंवा शिक्का चेहऱ्यावर आला असेल तर उलट करा : निळा थर ठेवा, शाई फिकट होते. जांभळ्या शिक्क्याला मात्र हा इलाज अर्धवटच लागू पडतो.

भेगा, ओरखडे क्लोन किंवा हील ब्रशने भरता येतात. पार्श्वभूमी, कपडे इथे हात मोकळा ठेवा. डोळे, ओठ, नाक इथे भेग गेली असेल तर थोडी राहू द्या. ऐंशीच्या दशकातले लालसर पडलेले रंगीत फोटो रंग-दुरुस्तीने बरेच सुधारतात. हे सगळं कॉपीवर करायचं, मूळ स्कॅनला कधीच हात लावायचा नाही. जेपीजी दर वेळी सेव्ह करताना थोडी झिजते, म्हणून काम चालू असेपर्यंत टिफ ठेवा.

एआय ॲप : चेहरा कुठून येतो?

साधं मोठं करणं म्हणजे दोन पिक्सेलच्या मध्ये त्यांच्यासारखाच तिसरा भरणं. फोटो मऊ दिसतो, पण खोटं बोलत नाही. ‘एचडी’ करणारी ॲप वेगळं काम करतात. त्यांनी आधी लाखो चेहरे पाहिलेले असतात. तुमच्या फोटोत डोळ्याच्या जागी जेमतेम दहा-वीस पिक्सेल असतात; ॲप त्या जागी आपल्या माहितीतला, तिथे बसेल असा डोळा रेखाटतं. पापण्या, दात, कातडीचा पोत, सगळं तसंच.

जून २०२० मधलं उदाहरण जगभर गाजलं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या ‘पल्स’ नावाच्या प्रोग्रॅमला कुणीतरी बराक ओबामांचा चौकोनी ठिपक्यांचा छोटा फोटो दिला. प्रोग्रॅमने मोठा करून दिला तो एका गोऱ्या माणसाचा चेहरा. आणि गंमत अशी की तो चेहरा पुन्हा लहान केला तर मूळ छोट्या फोटोशी जुळायचा! म्हणजे एका छोट्या फोटोत बसतील असे अनेक चेहरे असतात. ओबामांना आख्खं जग ओळखतं, म्हणून चूक पकडली गेली. आपल्या दादीची चूक कोण पकडणार? ‘मूळ फोटोशी जुळतोय की’ हा काही पुरावा नाही.

याचा अर्थ ॲप हराम समजा असं मी म्हणत नाही. मोठ्या ग्रुप फोटोत कपडे, इमारत, पाटी स्पष्ट करायला त्यांचा उपयोग होतो. चेहऱ्यासाठी वापरायचंच असेल तर ‘फेस एन्हान्स’ बंद ठेवून फक्त दुप्पट करा. मूळ आणि सुधारलेला शेजारी शेजारी ठेवून घरातल्या सगळ्यात बुजुर्ग व्यक्तीला दाखवा. ‘छान दिसतो का’ असं नका विचारू, ‘हे कोण’ एवढंच विचारा. तीळ, फुली, देवीचे व्रण, पुढचा तुटका दात, एक डोळा थोडा बारीक. ॲप पहिल्यांदा हेच पुसतं, आणि माणूस ओळखू येतो तो यावरूनच. रंग भरण्याचंही तसंच. दुपट्टा हिरवा होता की जांभळा हे ॲपला माहीत नसतं. पूर्वी स्टुडिओवाले ब्रशने रंग भरायचे, पण ते गिऱ्हाईक समोर असताना, विचारून. सुधारलेला फोटो पाठवायचाच असेल तर फोटोखालीच ‘ॲपने सुधारलेला’ असं लिहा. मजकूर मेसेजमध्ये लिहिला तर फॉरवर्ड करताना तो मागे राहतो.

पाठवताना

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो. ‘एचडी’ पर्याय निवडला तर कमी दाबला जातो, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते. जवळच्यांना मूळ, ग्रुपला सुमारे २००० पिक्सेलची कॉपी, असं ठेवा. हज पासपोर्टचं किंवा आधारचं आख्खं पान ग्रुपवर टाकू नका. नंबर झाकूनही नको, फक्त फोटोचा भाग कापून पाठवा.

मालकीचा प्रश्न बरेच जण विचारतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याची असते. म्हणजे दादांनी पैसे देऊन स्टुडिओत काढलेला फोटो घरचाच. पण कायद्याची परवानगी आणि घरच्यांची इजाजत या दोन गोष्टी आहेत. निकाहच्या जुन्या ग्रुप फोटोत आपल्या घरच्या बायकांबरोबर शेजारच्या, पाहुण्यांच्याही बायका असतात. त्यातल्या काही हयात आहेत, काहींच्या लेकी-सुना आहेत. त्यांना विचारल्याशिवाय फेसबुकवर सगळ्यांसाठी खुला टाकणं बरोबर नाही. जी नानी आयुष्यभर पडद्यात राहिली तिचा फोटो खानदानाच्या ग्रुपपुरता ठेवायचा असं मुलं म्हणत असतील, तर त्यांना मागासलेलं समजू नका. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ या नावाच्या ॲपवर मुस्लिम महिलांचे सोशल मीडियावरून उचललेले फोटो ‘लिलावा’ला लावले गेले. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटका केल्या. ही भीती घराघरांत खरी आहे. मधला मार्ग असतो : ज्यांची इजाजत नाही तेवढे चेहरे वगळून कापलेली कॉपी बाहेर, आणि पूर्ण फोटो घरात.

स्कॅनच्या फाईली निदान दोन ठिकाणी ठेवा, आणि त्यातलं एक ठिकाण दुसऱ्या घरात असू द्या, म्हणजे बहिणीकडे किंवा चुलत भावाकडे. फोन हरवतो, पेन ड्राइव्ह तर धुण्यातही जातो. आणि स्कॅन झाला म्हणून मूळ फोटो टाकू नका, लॅमिनेशनही करू नका. लॅमिनेशन उष्णतेने चिकटतं, पुन्हा निघत नाही. साध्या कोऱ्या कागदाच्या पाकिटात, एका पाकिटात एकच फोटो, वर पेन्सिलने नाव. पत्र्याच्या पेटीत किंवा लाकडी कपाटात, पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा.